मामांची सातवी फासळी

खोली भाड्याने हवी म्हणून मी मामांच्या दारात गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कायमची की कंत्राटी तेही विचारलं नाही. म्हणाले, "त्या लिंबापस्तोर जाऊन या." मला वाटलं, लिंबाखाली घरातलं कुणी बसलं असेल, त्याला भेटून यायचं असेल. गेलो. लिंबाखाली एक रिकामं टमरेल पडलेलं होतं. परत आलो तर मामा माझ्या पायांकडे बघत मान हलवत होते.

"डावा खांदा जरा उतरता हाय. पण पाय खोटा न्हाई. या ऱ्हायाला."

साखरा गावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी तेव्हा पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा. हा फरक मी सुरुवातीला गावाला समजावून सांगायचो, पण तो कुणालाच पटला नाही आणि पुढे मीही नाद सोडला. मामांनी पहिल्या दिवसापासून मला 'डाक्टर' म्हटलं, आणि त्यात आदरापेक्षा चेष्टाच जास्त होती. माझ्या थर्मामीटरला ते 'काचकांडी' म्हणायचे.

सत्तरीच्या घरातला उंच, वाळका माणूस. शंभरएक मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि ऐन मे महिन्यातसुद्धा खांद्यावर काळं घोंगडं. अख्खं गाव त्यांना मामा म्हणायचं. त्यांची सख्खी बहीण माहेरी आली की तीही मामाच म्हणायची.

मामा कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. "तोंड माणसाला सांभाळता येतं डाक्टर, पाय न्हाई सांभाळता येत," असं त्यांचं म्हणणं. लग्नाला गेले की मांडवात न बसता बाहेर दगडावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांवरून कोण आजारी, कुणाचं घरात भांडण झालंय, कोण नव्या चपलेने हैराण झालाय ते सांगत राहायचे. दहातले सात अंदाज बरोबर निघत. उरलेल्या तिघांबद्दल मामांचं मत असं, की ते लोक मुद्दाम वेगळं चालतात.

दुसरी खोड याहून अवघड होती. मामा खरं बोलायचे ते पाठ करून. मेंढरांच्या पुढे चालायची आयुष्यभराची सवय. मागून येणाऱ्याला त्यांची पाठच दिसणार आणि बोलणं खांद्यावरून मागे येणार. घरात समोरासमोर बसले की पाऊसपाणी, चहा, बाजार, बस. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की म्हणायचे, "चला, जरा चालून येऊ." मग ते पुढे, आपण तीन पावलं मागे. मामी म्हणायची, "लग्नाला पन्नास वर्सं झाली, मी ह्यांच्या पाठीसंगंच संसार करून राहिले." हे सांगताना तिला इतकं हसू यायचं की पदर तोंडाशी धरावा लागायचा.

आणि मामांची खरी ख्याती होती एडका, म्हणजे मेंढा, पारखण्याबद्दल. बाजारच्या दिवशी सेनगावपासून हिंगोलीपर्यंतचे लोक एडका घ्यायचा असला की मामांना सोबत न्यायचे. त्यांची एक अट असायची, मालकाने तोंड मिटायचं. जनावरात काय खोट आहे ते मालकाने सांगायचं नाही; पारखणाऱ्याने शोधायचं. एखादा भला माणूस आपण होऊन बोललाच की "मामा, याचा मागचा खूर जरा..." तर मामा ताडकन उठून चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. सांगून कळलं तर ती पारख कसली, हा त्यांचा सवाल. आणि टपरीवर बसल्या बसल्या ते हमखास एक वाक्य सोडायचे, "साठ वर्सं झाली मेंढरांत. पण अजून जनावराचं शिंग या अंगाला लागलं न्हाई."

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते याच्याशिवाय कळायचं नाही.

एके सकाळी मामांनी मला विचारलं, "डाक्टर, बैलाला लघवीची तकलीफ झाली तर काय करता?" मी म्हटलं, खडा असेल, बघावं लागेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "थेंब थेंब होऊन राहिलं. वरचेवर जावं लागतं." तिसऱ्या दिवशी, "कंबर बी दुखती म्हणतो." मी काचकांडीसकट पिशवी उचलली आणि म्हटलं, चला, दाखवा बैल. मामा घोटाळले. मी गोठ्यात गेलो. गोठ्यात एक गाय होती आणि पेरणीची एक मोडकी तिफण. मामांनी आपले बैल मी राहायला यायच्या आधीच विकले होते; मला वाटलं होतं, कुणा पाहुण्याचा आणून बांधला असेल.

"कंबर दुखती असं कोण म्हणतो मामा?"

मामा वळले आणि गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मीच की."

दोन दिवसांनी मी त्यांना मोटारसायकलवर बसवून हिंगोलीला नेलं. तिथून नांदेड. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, सुईने काढलेला तुकडा तपासून झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मला जनावरांतली बरीच दुखणी कळतात, पण त्या कागदावरचा शब्द मी तीनदा वाचला हे कबूल करतो. चार वर्षं या माणसाच्या घरात राहिलो होतो. मामीच्या हातची ज्वारीची भाकरी रोज खात होतो.

खरा घोर पुढे होता. आजार जागच्या जागी असेल तर तो मुळातून घालवायचा प्रयत्न करता येतो, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. हाडात पसरला असेल तर मग इंजेक्शनं देऊन आवरून धरायचं, जमेल तितके दिवस. म्हणून हाडांचा स्कॅन केला. त्यात डाव्या बाजूच्या सातव्या फासळीवर एक काळा ठिपका आला. "हा आजाराचा असू शकतो, दुसऱ्याही कशाचा असू शकतो," डॉक्टर म्हणाले, "काही मार वगैरे लागला होता का?"

"न्हाई," मामा म्हणाले. समोरासमोर बसून.

मीही काही बोललो नाही, कारण मला काही माहीत नव्हतं. मामांना काही महिन्यांपूर्वी थंडी भरली होती आणि ते चार दिवस घोंगडं घेऊन पडून होते, एवढंच मला ठाऊक होतं.

नांदेडच्या डॉक्टरांनीच पुढचा रस्ता सांगितला. नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नव्या प्रकारच्या स्कॅनचा अभ्यास चालू होता. शिरेतून एक औषध सोडतात; ते अंगभर फिरून या आजाराच्या पेशी जिथे असतील तिथे जाऊन चिकटतं आणि चित्रात ती जागा उजळते. अजून प्रयोगच चालला होता. जुन्या स्कॅनशी ताडून बघायचं होतं, की नवं यंत्र जास्त खरं सांगतं का. मामांसारखेच पेशंट त्यांना हवे होते.

मी हे मामांना जपून सांगितलं, कारण 'प्रयोग' म्हटलं की माणसं बिचकतात. मामांनी घोंगडं सारखं केलं.

"म्हंजे ते मला न्हाई तपासून राहिले. मशीनला तपासून राहिले?"

"दोघांनाही, मामा."

"मंग जाऊ. आपल्याबिगर कसं तपासतील?"

तेव्हापासून मामांची चालच बदलली. नांदेडहून खांदे पाडून आलेला माणूस नागपूरला परीक्षक म्हणून निघाला. गावात सांगत सुटले, एक मशीन आलंय, ते खरं का खोटं बघायला बोलावलंय. वारंगा फाट्यावर नागपूरची गाडी पकडायची होती. तिथल्या चहावाल्याला सांगितलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगितलं. पंक्चरवाल्याने विचारलं, "कौनसी कंपनी का है चाचा?" मामा म्हणाले, "वो मैं देख के बताता." मला हसू येत होतं, पण फासळीचा ठिपका मी विसरू शकत नव्हतो.

नागपूरच्या त्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी संमतीचा कागद मराठीत वाचून दाखवला. मामांनी प्रत्येक कलम दोनदा वाचायला लावलं. 'सहभागी व्यक्तीला कारण न देता कधीही माघार घेता येईल' हे तीनदा. "बाजारात अशी सोय असती तर लई भांडणं मिटली असती," म्हणाले आणि सही ठोकली.

सुई टोचल्यावर तासभर बसायचं होतं, पाणी पीत. मग बाई म्हणाल्या, "काका, आत जायच्या आधी एकदा लघवीला जाऊन या." मामा उठले. "एवढं एक काम मला आजकाल बराबर जमतं बाई, दिवसभर तेच करून राहिलो."

परत आल्यावर बाईंनी सूचना दिली, की आज थोडे तास लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून जरा लांब राहायचं. मामा विचारात पडले. "गाभण मेंढ्यांचं काय?" बाईंनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी मोठ्या गांभीर्याने हिशोब केला आणि सांगितलं, की तुम्ही गावी पोचेपर्यंत काही उरणार नाही. मामा मला हळूच म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पाय सरळ टाकती."

दुसऱ्या दिवशी आम्हाला चित्र दाखवायला आत बोलावलं. पडद्यावर मामांचा सांगाडा उभा होता. डोळ्यांपाशी उजेड, जबड्याखाली उजेड, पाठीत दोन्ही बाजूंना दोन मोठे उजेडाचे गोळे. गेलंच म्हटलं, सगळीकडे गेलं. मी मामांच्या दंडाला धरलं. मामा मात्र पुढे वाकून चित्र न्याहाळत होते.

बाईंच्या लक्षात आलं असावं. "घाबरू नका. हे सगळ्यांचंच असं दिसतं. अश्रू येतात तिथे, थुंकी येते तिथे, किडन्यांत हे औषध जातंच. ते आजाराचं नाही." मग त्यांनी खाली बोट ठेवलं. "आजार हा इथे. प्रोस्टेटमध्ये. आणि बाकी हाडांत कुठेही उजेड नाही."

"आन् फासळी?" मामांनी विचारलं.

"तेच तर. फासळी उजळलेली नाही."

मी श्वास सोडला. पण बाईंचा सुटला नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी साध्या शब्दांत सांगितलं, की जुना स्कॅन इथे काहीतरी आहे म्हणतो, नवा काही नाही म्हणतो. नवा किती खरा ते आम्हीच अजून शिकतोय. पण फासळीवर हाड मोडून जुळल्यासारखी एक रेघ दिसते आहे. तिथे मार लागला असेल तर सगळं नीट जुळतं. मग आजार जागेवरच आहे आणि आम्ही तो मुळातून घालवायचे उपचार करू शकतो. मार लागलाच नसेल तर मला त्या फासळीत सुई घालून बघावं लागेल, आणि तेवढ्यानेही शंका राहिली तर पसरला असंच धरावं लागेल.

"म्हणून विचारते काका. मार लागला होता?"

"न्हाई."

"नीट आठवून सांगा."

"बाई, मशीनला इचारा. त्याचीच पारख चालू हाय ना? मालकानं काहून बोलावं?"

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. मी मामांकडे बघितलं. मामा पंख्याकडे बघत होते. मग उठून म्हणाले, "डाक्टर, चला, जरा चालून येऊ."

लांबच लांब व्हरांडा होता. मामा पुढे, मी तीन पावलं मागे. क्ष-किरण विभाग गेला, औषधांची खिडकी गेली. पाण्याच्या टाकीपाशी वळून आम्ही परत निघालो तेव्हा खांद्यावरून आवाज आला.

"एडक्यानं मारलं."

"कुठल्या?"

"आपल्याच. तो काळ्या तोंडाचा. भर बाजारात मीच पारखून आणला. सगळ्यांसमोर बोललो व्हतो, गरीब हाय, लेकरानं कान धरला तरी हलणार न्हाई." दोन पावलं गेली. "पाणी पाजायला वाकलो व्हतो. कुशीतच धडक दिली. उताणा पडलो. मंग येऊन वास घेऊन गेला भाड्या."

"आणि ती थंडी?"

"थंडी कुठली. श्वास घेता येईना म्हणून पडून व्हतो."

मला एकाच वेळी मोठ्याने हसावंसं आणि या माणसाला धरून हलवावंसं वाटलं. नांदेडपासून आतापर्यंतच्या माझ्या सगळ्या दिवसांचा राग वर आला. म्हटलं, "मामा, तुम्हाला फासळीत कॅन्सर चालेल, पण एडका चालणार नाही?"

मामा थांबले, पण वळले नाहीत. "पोरगी लिहून घेईल डाक्टर. कागदावर येईल. मंग बाजारात काय तोंड दाखवू?"

"तुम्ही बाजारात कधी कुणाचं तोंड बघितलंय?"

मामांनी भिंतीला एक हात टेकवला. मग त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडताहेत. पुढे होऊन बघतो तर हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते.

आत गेल्यावर त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि डॉक्टरीणबाईंकडे पाठ करून, भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे तोंड करून बसले. बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी खुणेने म्हटलं, थांबा जरा. मामांनी तक्त्याला सगळं सांगितलं. एडका कुठून घेतला, काय बोलून घेतला, कुठे लागलं, किती दिवस खोकता येत नव्हतं, शिंकेची किती भीती वाटायची. मध्येच बाईंनी "वजन किती असेल त्याचं?" असं विचारलं, आणि मग मामांचा सूरच बदलला. एडक्याची उंची, छाती, शिंगाचा वेढा, कुठल्या बाजूला वजन टाकतो, सगळं आलं. शेवटी शेवटी तर त्याचं कौतुकच चाललं होतं. बाईंच्या हातातलं पेन हसून हसून खाली पडलं.

त्यांनी फाइलीत लिहिलं ते मला दिसलं: 'मेंढ्याची धडक, डावी सातवी फासळी.'

"हे छापून येणार का?" मामांनी तक्त्याला विचारलं.

"अभ्यासात येईल काका. पण तुमचं नाव, गाव काही येणार नाही."

मामांना हायसं वाटलं. पण ते क्षणभरच. जिना उतरताना म्हणाले, "नाव न्हाई तर न्हाई, निदान गाव तरी टाकायला पायजे व्हतं." आणि खालच्या पायरीवर थांबून त्यांनी आपला निकाल दिला. "मशीन पास हाय डाक्टर. एका शब्दानं सांगितलं नव्हतं त्याला, तरी फासळीवर खोटा आळ घेतला न्हाई."

गावी आल्यावर मी मामीला जपून, पाण्याचा तांब्या हातात देऊन सगळं सांगितलं. आजार पसरलेला नाही हे ऐकून तिने आधी देवाला हात जोडले. मग एडक्याचं ऐकून म्हणाली, "ते मला ठावं हाय की. थंडी भरल्यावर कुशीला कुणी हळद लावून घेतं का? काळीनिळी झालती सारी बाजू."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. मला काय ठावं, ते नांदेडात नागपुरात बी न्हाईच म्हणून राहिले!" मग मात्र तिने कसर भरून काढली. आठ दिवसांत ही गोष्ट गावभर झाली आणि पुढच्या बाजारी तिथे मामांच्याही आधी पोचली.

मामा त्या बाजाराला भीत भीत गेले. लोक हसले, खूप हसले. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याने तर घोंगडं उचलून कूस दाखवायला लावली. पण हसून झाल्यावर त्यानेच आपला एडका पुढे केला. म्हणाला, "बघा मामा. मालक तोंड मिटून हाय." मामांनी तासभर लावला त्या एका जनावराला.

नंतर नागपूरला किरणांचे उपचार झाले. मामी सोबत गेली. दीड महिना धर्मशाळेत राहून तिने पूर्ण विभागाला ठेचा खायला शिकवलं. मामा वाळले, चिडचिडले, दमले. उपचार संपले, रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. दर तीन महिन्यांनी जायचं ते पुढे सहा महिन्यांनी झालं. आणि एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वर्षाने या.

त्याच सुमारास माझी वसमतला बदली झाली. निघायच्या सकाळी सामान टेम्पोत चढलं होतं. मामी स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हती. मामा कळपातून चार दिवसांचं एक कोकरू उचलून घेऊन आले, पांढरं, कानावर तपकिरी डाग असलेलं. त्यांनी त्याला माझ्या पायापाशी उभं केलं. ते धडपडलं, पुन्हा उभं राहिलं.

"मेंढी पहिल्यांदा व्याली की ते येत काही सांगत न्हाई," मामा म्हणाले. "दुसरं बी न्हाई. खरी मेंढी कळती तिसऱ्या येताला. हिच्या तिसऱ्या येताला तुमी यायचं. मुक्कामाला."

मी मनातल्या मनात हिशोब केला. नांदेडचा तो कागद हातात असताना आम्ही दोघांनी पुढच्या दिवाळीचंसुद्धा नाव काढलं नव्हतं.

"मामा, त्याला चार वर्षं लागतील," मी म्हटलं.

"मंग?" मामा म्हणाले. "तुमाला काही गडबड हाय का?"